तीन चुका पचतील एवढी उंची

नाशिक रोडला राहणारा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की बाहेरगावचा पाहुणा गॅलरीत धावतो, आणि इथला माणूस मान वर न करता "चेतक असेल" असं म्हणून चहा पीत बसतो. आवाजाची एवढी सवय झालेली असते. गांधीनगरची धावपट्टी शेजारी, तिथे 2003 पासून आर्मी एव्हिएशनच्या वैमानिकांची शाळा. त्याच्याही आधीपासून देवळालीला तोफखान्याची शाळा. तोफेचा गोळा नेमका कुठे पडला हे वरून बघायला तोफखान्याचेच अधिकारी ऑस्टर नावाची छोटी विमानं उडवायचे. त्यांच्यातूनच पुढे 1 नोव्हेंबर 1986 ला आर्मी एव्हिएशन कोअर उभी राहिली. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला ओझर! 1964 ला मिग-21 साठी तो कारखाना निघाला, मग सुखोई आली, आणि 2025 च्या ऑक्टोबरात तिथे तयार झालेल्या तेजस मार्क वन-ए नेही उड्डाण केलं.

म्हणजे बघा, विमान बनवणारे इथले, उडवायला शिकवणारे इथले, आणि रोज बघणारे तर आपण सगळेच. पण शाळेतल्या एखाद्या पोराला स्वतःच्या हाताने छोटंसं का होईना विमान उडवायला शिकायचं असेल तर? त्याची मात्र सोय शोधत फिरावं लागतं. आज त्याबद्दल थोडं लिहायचं आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातल्या एका चालू वादाबद्दलही. घरचे लोक हे वाचतात हे मला माहीत आहे, म्हणूनच इथे लिहितोय. समोरासमोर बोललं की आवाज चढतात.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. (ठाण्याच्या मावशीने परवा फोनवर "ते लग्नात फोटो काढणारं का रे?" असं विचारलं. नाही मावशी, ते ड्रोन. हे वेगळं.)

हे खरोखरचं विमान असतं, फक्त लहान. पंख, शेपूट, पुढे पंखा. आपण जमिनीवर उभं राहायचं आणि हातातल्या ट्रान्समीटरने ते उडवायचं. दोन दांड्या, म्हणजे स्टिक, आणि चार कामं. थ्रॉटलने पंख्याचा वेग, एलिव्हेटरने नाक वर-खाली, रडरने नाक डावी-उजवीकडे आणि एलेरॉनने पंख कलवणं. पूर्वी यात छोटी इंजिनं असायची, मिथेनॉलवर चालणारी, आणि त्या इंधनात वंगण म्हणून चक्क एरंडेल मिसळलेलं असायचं! जुने लोक त्या वासाबद्दल अजून हळवे होऊन बोलतात. आता बहुतेक सगळं बॅटरीवर. रेडिओचंही तसंच. पूर्वी प्रत्येकाच्या ट्रान्समीटरचा ठराविक क्रिस्टल असायचा, आणि मैदानावर दोघांनी एकच फ्रिक्वेन्सी चालू केली की एकाचं विमान गेलंच म्हणून समजा. आता 2.4 गिगाहर्ट्झवर ती कटकट गेली. या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या उपकरणांना आपल्याकडे 2005 पासून वायरलेसचा परवाना लागत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. करताना पहिल्याच मिनिटाला घाम फुटतो. याचं कारण गमतीदार आहे. विमान तुमच्यापासून दूर जात असतं तोपर्यंत डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की सगळं उलटं! त्याचं डावं म्हणजे तुमचं उजवं. डोक्याला कळतं, बोटांना कळत नाही. शिकवणारे यावर एक युक्ती सांगतात. विमान समोरून येताना ज्या बाजूचा पंख खाली झुकलाय त्या बाजूला स्टिक न्यायची, जणू त्या पंखाखाली टेकू लावतोय. मग पंख सरळ होतो. ही युक्ती वाचून लक्षात राहते, पण अंगात मुरायला कितीतरी रविवार जातात.

आमचा जो ग्रुप आहे (क्लब म्हणण्याइतकं त्याचं रूप औपचारिक नाही, पाटी नाही की पावतीपुस्तक नाही) तो सिन्नरच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात जमतो. पहाटे निघायचं, शिंदे-पळसे मागे टाकायचं, मोहदरी घाट चढायचा, आणि वारा सुटायच्या आत उडवून घ्यायचं. शिकवणारे काका कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे नवा पोरगा आला की त्याच्या हातात लगेच विमान देत नाहीत. आधी दोन बोटं पंखांखाली धरून विमान तोलून दाखव म्हणतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक-तृतीयांश अंतरावर ते समतोल राहायला हवं. नाक थोडं जड असेल तर विमान रडतखडत का होईना उडतं. शेपूट जड असेल तर ते एकदाच उडतं.

मग दोन ट्रान्समीटर जोडायचे. याला बडी बॉक्स म्हणतात. एक काकांच्या हातात, एक पोराच्या. काकांनी आपल्या बॉक्सवरचं बटण दाबून धरलं की विमान पोराच्या ताब्यात. बटण सोडलं की त्या क्षणी परत काकांच्या. ओरडाआरडा नाही, हातातून हिसकावणं नाही. विमान वेडंवाकडं व्हायला लागलं की काका म्हणतात, "आलं माझ्याकडे." सरळ करतात, वर नेतात, आणि म्हणतात, "घे, आता तुझं."

आणि ते एक वाक्य प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात. "तीन चुका पचतील एवढ्या उंचीवर उडव." जगभरचे मॉडेल उडवणारे हे आपापल्या भाषेत सांगत असतात, काकांनी काही ते शोधून काढलेलं नाही. पण या वाक्यात गणित आहे. पहिली चूक म्हणजे विमान भलतीकडे कलणं. दुसरी, ते सुधारायला जाताना गोंधळून उलटी स्टिक देणं. तिसरी, घाबरून स्टिक मागे ओढणं. ही तिसरी सगळ्यात वाईट. नाक वर होतं, वेग मरतो, पंखांवरची हवा सुटते आणि विमान दगडासारखं खाली यायला लागतं. याला स्टॉल म्हणतात. त्यातून सुटायचा मार्ग मनाला अजिबात न पटणारा आहे. पडतंय तर नाक आणखी खाली करायचं! वेग मिळू द्यायचा, पंखांना पुन्हा हवा धरू द्यायची, मग हळूच वर. पण एवढं सगळं करायला खाली जागा लागते. झाडाच्या उंचीवर असाल तर नियम तोंडपाठ असून उपयोग नाही.

आता घरातला वाद.

माझा भाचा वर्षभर आमच्याबरोबर येतो. नववी संपत आली. भाऊजींचं म्हणणं, पुरे झालं आता, दहावीचं वर्ष आहे, विमान माळ्यावर. ताईला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे ती कोणाचीच बाजू घेत नाही. भाऊजींचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. स्पर्धा खोटी नाही, एकेका मार्काने प्रवेश हुकतात हेही खोटं नाही. मुलगा आपला आहे, काळजी वाटणारच.

पण माझं मत उलट आहे आणि ते मी इथे स्पष्ट लिहितो. दहावीच्या वर्षातच हा रविवार बंद करू नये.

"यातून त्याचं फिजिक्स सुधारेल" किंवा "उद्या तो पायलट होईल" असला युक्तिवाद मी करणार नाही. होईलही, नाहीही. असल्या आमिषाने पोरांना कुठलीच गोष्ट करायला लावू नये, ती गोष्ट मग क्लासच होऊन बसते. माझा मुद्दा साधा आहे. या मुलांच्या आयुष्यात चूक करायला परवानगी असलेली जागा मला दुसरी दिसत नाही. शाळेत चूक म्हणजे मार्क गेला. क्लासमध्ये चूक म्हणजे बॅच खाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉल लागला की वॉचमन येतो. आपण या मुलांना जमिनीपासून दोन फुटांवर उडायला लावलंय आणि वर सांगतोय, सांभाळ हं, एकही चूक नको.

दोन महिन्यांपूर्वी भाच्याचं विमान उतरताना बाभळीत गेलं. पंख मोडला, नाक चेपलं. मी बघत होतो. तो रडला नाही, कोणाला दोष दिला नाही, "वारा होता" असंही म्हणाला नाही. आधी बॅटरी काढली. लिथियमची बॅटरी चेपली तर पेट घेऊ शकते, म्हणून ती लांब मोकळ्या जागी ठेवून थोडा वेळ तिच्यावर लक्ष ठेवायचं असतं. मग तुकडे गोळा केले. मग काकांना विचारलं, "मी थ्रॉटल लवकर कमी केला का?" काका म्हणाले, "हो." बस्स. एवढाच संवाद. पुढच्या वेळी बांबूच्या काड्या आणि ग्लू गन वापरून तेच विमान जोडून आणलं. (फेव्हिक्विक नाही, ते थर्माकोल खातं. हेसुद्धा प्रत्येकाला एकदा कळतंच.)

भाऊजी, या मुलाला गणिताचा पेपर अवघड गेला तर तो काय करेल असं तुम्हाला वाटतं? मला वाटतं तो आधी बॅटरी काढेल.

यावर लोक जे आक्षेप घेतात तेही बघू.

पहिला आक्षेप असा की आता तयार ड्रोन मिळतात, जीपीएस असतं, हात सोडला तरी जागेवर थांबतात. मग एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर त्या प्रश्नातच आहे. ड्रोनला थांबता येतं, विमानाला थांबता येत नाही. विमान हवेत आहे तोवर तुम्हाला दर क्षणी काहीतरी ठरवावंच लागतं. ड्रोन वाईट नाही, शेतात फवारणी करतो, मोजणी करतो, कामाची वस्तू आहे. पण उडवायला शिकणं आणि उडणारी वस्तू वापरणं यात फरक आहे. तसंच सिम्युलेटरचं. कॉम्प्युटरवर सिम्युलेटर जरूर वापरावा, तो डावं-उजवं बोटांत मुरवतो आणि पैसे वाचवतो. फक्त त्यात मोडलेलं विमान एका बटणावर पुन्हा नवं होतं. बाभळीत चढावं लागत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. छंद फुकट नाही, हे कबूल. पण यात मोटर, सर्व्हो, रिसीव्हर ही महागडी मंडळी बहुतेक पडझडीतून वाचतात आणि पुढच्या विमानात बसतात. मोडतो तो सांगाडा, आणि तो शीट कापून घरी करता येतो. शिवाय ट्रान्समीटर आणि शिकायचं विमान ग्रुपमध्ये सामाईक ठेवता येतं. एकट्याने विकत घ्यायला गेलात तर महाग, चौघांत मिळून केलंत तर तेवढं नाही. हीसुद्धा क्लबची एक बाजू.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, धोक्याचा आणि कायद्याचा. इथे मी अजिबात सूट देणार नाही. दीड किलोचं विमान ताशी 54 किलोमीटरने येत असेल तर त्याच्यातली ऊर्जा ताशी 140 ने आलेल्या क्रिकेटच्या बॉलपेक्षा जास्त भरते. हिशोब करून बघा. पुढे फिरणारा पंखा वेगळाच. हे खेळणं नव्हे.

आणि नाशिक रोडचं आकाश रिकामं नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये ड्रोन नियम आले. त्यात रिमोटची मॉडेल विमानंही येतात, 25 किलोपर्यंतची, छंदासाठी किंवा शिकण्यासाठी, आणि नजरेच्या टप्प्यात उडवायची. देशाच्या आकाशाचे लाल, पिवळा, हिरवा असे भाग पाडले. हिरव्यात 400 फुटांपर्यंत मुभा, चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत, आणि लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. आपल्याकडे धावपट्टी, तोफखाना, नोटा छापणारी प्रेस, सगळं एकाला एक लागून. 2022 साली आर्मी एव्हिएशनच्या शाळेच्या हद्दीत अनोळखी ड्रोन दिसल्याची बातमी तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर शहरातली बंधनं कडक झाली. काही हौशी लोक यावर कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. ज्या आकाशात शिकाऊ वैमानिक हेलिकॉप्टर घेऊन फिरतोय तिथे गच्चीवरून विमान सोडणाऱ्या माणसाला मी छंदिष्ट म्हणणार नाही. त्याच्या हातातलं थर्माकोल मऊ असेल, आतली मोटर आणि बॅटरी मऊ नसते.

पण म्हणूनच तर क्लब हवा! एकटा पोरगा यूट्यूब बघून ऑनलाइन विमान मागवतो आणि जेलरोडच्या मोकळ्या प्लॉटवर उडवतो, त्याला हे कोण सांगणार? कुठे उडवायचं, नकाशा कसा बघायचा, आकाशात काही दिसलं की आधी आपलं खाली कसं आणायचं, पंख्यासमोर हात का न्यायचा नाही, हे सगळं माणूस माणसाला शिकवतो. नुसती बंदी घातली की सांभाळून वागणारा घरी बसतो आणि न सांभाळणारा उडवतच राहतो.

तर माझी मागणी एवढीच आहे. शहरापासून पुरेसं लांब, हिरव्या भागात, शंभर मीटर लांब आणि दहा-पंधरा मीटर रुंद साफ केलेली पट्टी. जवळ वस्ती नाही, विजेच्या तारा नाहीत. एखाद्या मोठ्या आवाराच्या कॉलेजने महिन्यातून एक रविवार सकाळी चार तास गेट उघडलं तरी पुष्कळ. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग आहेच, त्यांच्या वायुसैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धाही होतात. पण ते कॅडेट्सपुरतं. बाकीच्या पोरांनी काय करायचं? आपल्या जिल्ह्यात येवल्याला संक्रांतीला अख्खं गाव गच्चीवर असतं, आसारी धरायला आजोबा नातवाला शिकवतात. पतंग कटला तर कोणी त्याला नापास म्हणत नाही. नायलॉन मांजावर 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली ते योग्यच झालं, आणि पतंग तरीही उडतातच. धोका काढून टाकायचा, खेळ ठेवायचा. हे आपल्याला जमतं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, भाच्यालाही सांगितली आहे. मेनार्ड हिल नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. 2003 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी बनवलेलं पाच किलोपेक्षाही हलकं मॉडेल विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून निघालं आणि 38 तास 52 मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. सुमारे 3,000 किलोमीटर, अख्खा अटलांटिक! उतरवायला पलीकडे त्यांचा सहकारी ट्रान्समीटर घेऊन उभा होता. त्या विमानाचं नाव होतं टॅम-5. पाचच का, तर त्याच्या आधीचे प्रयत्न फसले होते.

समुद्र ओलांडायचा की दहावी, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण पाचवं विमान बांधायची उमेद कुठून येते, याचा विचार आपण मोठ्यांनी करायला हवा. ती येते आधीची पडलेली विमानं कोणीतरी पडू दिली म्हणून, आणि पडल्यावर "आता बंद" न म्हणता "घे, आता तुझं" म्हणणारं कोणीतरी शेजारी होतं म्हणून.

तेव्हा ताई, भाऊजी, पंधरवड्यातून एक रविवार, सकाळी दहाच्या आत पोरगा घरी आणून सोडायची जबाबदारी माझी. बाकीचे दिवस दहावीला. एवढ्या उंचीवरून त्याला उडू द्या. तीन चुका आरामात पचतील.